सेक्टर नऊची पायरी

भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये अय्यप्पाचं देऊळ आहे, सेक्टर 4 मध्ये जगन्नाथाचं, सेक्टर 5 मध्ये बालाजीचं, आणि सेक्टर 6 मध्ये तर मशीद, गुरुद्वारा, चर्च असं सगळं एकाच परिसरात. पोलाद कारखान्याच्या नोकरीनं केरळी, उडिया, तेलुगू, पंजाबी, बंगाली, बिहारी, मराठी माणसं इथं आणली आणि येताना प्रत्येकानं आपला देव बरोबर आणला. भिलाईकर स्वतःच्या गावाला 'मिनी इंडिया' म्हणतात आणि ते काही खोटं नाही. मात्र ही देवळं वर्गणी काढून बांधणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत पोचली आहे. तिचे गुडघे, तिची साखर, तिचे मोतीबिंदू यांची चौकशी सगळे करतात. मन थकलं तर ही माणसं कुठं जातात, याची चौकशी फारशी कुणी करत नाही.

जाण्यासाठी जागा नाही असं मुळीच नाही. सेक्टर 9 मध्ये भिलाई स्टील प्लांटचं जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. गावात 'सेक्टर नऊला नेलं' म्हटलं की दवाखान्यात नेलं असाच अर्थ घेतात. तिथं मानसोपचार विभाग आहे, आणि प्लांटमधून निवृत्त झालेल्यांना व त्यांच्या जोडीदारांना कंपनीच्या रुग्णालयात उपचार मिळतात. मुलगा पुण्याला बोलावत असूनही कित्येक जोडपी भिलाई सोडत नाहीत, त्याचं हेही एक कारण. प्लांटशी संबंध नसलेल्यांसाठी सुपेल्याचं लालबहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय आहे, दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात 'स्पर्श क्लिनिक' या नावानं मानसिक आरोग्याची ओपीडी चालते, आणि रायपूरचं एम्स तासाभराच्या अंतरावर. खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. पायरी समोर आहे, फक्त ती चढली जात नाही.

याचं मूळ शोधायला थोडं मागं जावं लागतं. भिलाई कारखान्यासाठी भारत-सोव्हिएत करार फेब्रुवारी 1955 मध्ये झाला. त्या वेळी हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी होती नागपूर, आणि 1950 च्या कायद्यानुसार हिंदीबरोबर मराठीही त्या राज्याची राजभाषा होती. छत्तीसगडातली मराठी वस्ती त्याहून कितीतरी जुनी. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी 1758 पासून रतनपूरला राहून कारभार पाहत होते. मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि दुर्ग, राजनांदगाव, रायपूर, बिलासपूरची मराठी घरं उंबरठाही न ओलांडता भाषिक अल्पसंख्य झाली. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू केली, तेव्हा नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीला आलेला मराठी तरुण दुसऱ्या राज्यात आला होता. तीन वर्षं आधी आला असता तर तो स्वतःच्याच राज्यात राहिला असता.

त्या फाळणीची आणखी एक बाजू इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. मध्य प्रांताचं मोठं मनोरुग्णालय नागपूरला होतं, 1864 पासूनचं. राज्याची वाटणी झाली तेव्हा ते विदर्भाबरोबर गेलं. नव्या मध्य प्रदेशाकडे ग्वाल्हेर आणि इंदूरची रुग्णालयं उरली. दोन्ही छत्तीसगडपासून दूर. 2000 साली छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा तीही मध्य प्रदेशात राहिली. म्हणजे या प्रदेशानं मनोरुग्णालय दोनदा गमावलं, आणि दोन्ही वेळा ते नकाशावरच्या रेषेमुळं. बिलासपूरजवळ सेंदरीला राज्याचं स्वतःचं मानसिक रुग्णालय उभं राहायला पुढचं दशक उलटावं लागलं. आधीच्या पन्नास वर्षांत वेळ आली तर 'नागपूरला न्या' किंवा 'रांचीला न्या' असंच म्हटलं जाई, आणि तेही माणूस अंगावर धावून जायला लागल्यावर. मानसोपचार म्हणजे लांबचा प्रवास, आणि तो शेवटचा, ही समजूत आज ऐंशीच्या घरात असलेल्यांच्या मनात तेव्हाच बसली.

आता आकडे. 'निम्हान्स'नं 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात छत्तीसगड होतं. प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि आजारानुसार 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना होते. वृद्धांचं चित्र 'लासी' या देशव्यापी पाहणीत (2017-18) जास्त स्पष्ट दिसतं. साठीपुढच्या लोकांना नैराश्याची लक्षणं प्रश्नावलीतून विचारली तेव्हा 8.3 टक्के लोक त्यात बसले. 'डॉक्टरांनी तुम्हाला नैराश्य असल्याचं कधी सांगितलंय का?' या प्रश्नाला हो म्हणणारे मात्र 0.8 टक्के. दहांतल्या नऊ जणांचं दुखणं डॉक्टरच्या कागदावर आलेलंच नाही. ही झाली देशाची सरासरी. परभाषेच्या गावात म्हातारं होणाऱ्यांची गणती त्यात वेगळी केलेली नाही.

ते कागदावर का येत नाही? म्हातारी माणसं दवाखान्यात जात नाहीत म्हणून नव्हे; ती जातातच, आणि वारंवार जातात. फक्त तक्रार वेगळी सांगतात. 'झोप येऊन नाही राहिली', 'छातीत धडधड होते', 'पोटात गॅस धरतो', 'कशातच जीव लागत नाही'. भिलाईतली बरीचशी मराठी ही वऱ्हाडी-झाडी वळणाची, त्यात हिंदी मिसळलेली. यातली पहिली तीन वाक्यं मेडिसिनच्या ओपीडीत चालतात आणि त्यांवर गोळी मिळते. चौथं वाक्य खरं तर सगळ्यांत महत्त्वाचं, पण ते हिंदीत नीट उतरत नाही म्हणून बहुतेक वेळा मनातच राहतं. मागं रांग असते, डॉक्टरकडे पाच मिनिटं असतात, आणि 'मन नहीं लगता' असं म्हणणाऱ्या पंच्याहत्तरीच्या बाईला 'माताजी, भजन में जाया करो' हा सल्ला मिळण्याची शक्यता दाट.

घरचेही फारसे वेगळे वागत नाहीत. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश आणि नैराश्य यांची वर्णनं गावकऱ्यांना ओळखू येत होती, मात्र त्यांना तो आजार वाटत नव्हता. वय झालं, किंवा मुलांनी टाकलं, माया आटली, असं ते म्हणत. आपल्याकडचा 'म्हातारचळ' हा शब्दही याच समजुतीतून आलेला. एकदा तो चळ ठरला की उपचारांचा प्रश्नच मिटतो. स्मृतिभ्रंश आजार आहे हे मराठी प्रेक्षकाला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटानं मोहन आगाशे यांच्या चेहऱ्यावर दाखवलं. पण तो पुण्यातला संस्कृत पंडित होता. रोलिंग मिलमध्ये तीन पाळ्यांत आयुष्य काढलेल्या माणसानं घरचा रस्ता चुकायला सुरुवात केली तर शेजारी आधी त्याच्या तोंडाला वास येतो का ते पाहतात.

भारतात साठीपुढच्यांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 'लासी'च्याच जोडअभ्यासातून निघाला. आता तो ओळखायचा कसा? तपासणाऱ्याला चाचणी लागते आणि चाचणी कोणत्या तरी भाषेत असते. हिंदीत निरक्षर वृद्धांसाठी बनवलेली चाचणी नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढला तयार झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं अलीकडे चाचण्यांचा एक संच भारतीय भाषांत प्रमाणित करून घेतला. पहिल्या पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. भिलाईतल्या तेलुगू, बंगाली आणि मल्याळी वृद्धांना कागदावर का होईना स्वतःच्या भाषेतली चाचणी मिळाली. मराठी त्या पाचांत नव्हती. महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत छोट्या चाचण्यांची मराठी रूपं वापरतात, पण भिलाईला ती मुद्दाम मागवावी लागतील, आणि मागवायची तर आधी कुणाला तरी तसं वाटायला हवं.

शिवाय प्रश्नांचं भाषांतर झालं म्हणजे काम संपलं असं नाही. अशा चाचणीत वार, तारीख, महिना विचारतात. पोळ्याच्या दिवशी भिलाईतल्या मराठी आजीला महिना विचारला तर ती श्रावण म्हणेल. पोळा श्रावणातल्या अमावास्येचा. छत्तीसगडी माणूस तोच सण त्याच दिवशी 'पोरा' म्हणून साजरा करतो, आणि त्याच्या पंचांगात ती भादव्यातली अमावस असते, कारण उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. उत्तर आजीचंही बरोबर, तपासणाऱ्या छत्तीसगडी नर्सचंही बरोबर. तपासणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर आजीचा एक गुण जातो. आणि असे तीन-चार गुण गेले की शहाण्या बाईच्या नावापुढे भलतंच काही लिहिलं जाऊ शकतं.

इथं भिलाईकरांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 648 स्मृतिभ्रंश-रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि शाळा न पाहिलेल्यांतही हा फरक होता. घरात मराठी, प्लांटमध्ये हिंदी, बाजारात छत्तीसगडी आणि शेजारी तेलुगू असं आयुष्य काढलेल्यांना यातून थोडं बळ घ्यायला हरकत नाही. इथला मराठी माणूस हिंदीत कधी अवघडला नाही. माधवराव सप्र्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून काढलेलं 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिकच होतं. पण स्मृतिभ्रंश एकदा लागला की नंतर शिकलेली भाषा अनेकांत आधी झिजते आणि लहानपणची टिकते. चाळीस वर्षं फोरमनशी हिंदीत भांडलेला माणूस एके दिवशी फक्त मराठीत बोलू लागतो. घरात सून हिंदी किंवा पंजाबी असेल, नातवंडं इंग्रजी शाळेतली असतील, तर त्याचं बोलणं बडबड ठरायला वेळ लागत नाही.

मुलं जवळ असती तर त्यांनी मधे पडून सांगितलं असतं. भिलाईचं खरं दुखणं इथं आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी 1993 पासून भिलाईत येऊन कामगारांमध्ये राहत, लिहीत होते. 2020 चं त्यांचं 'क्लासेस ऑफ लेबर' हे पुस्तक याच गावावर आहे. गावातल्या आत्महत्यांवर त्यांनी 2012 मध्ये एक निबंध लिहिला. त्या वाढत असल्याचं आणि त्यांत तुलनेनं सुस्थित, कायम नोकरीतल्या प्लांट-कामगारांच्या घरांचा वाटा मोठा असल्याचं त्यांचं निरीक्षण होतं. कारणांच्या मुळाशी नोकरीचं आटणं होतं. ऐंशीच्या दशकात साठ हजारांच्या पुढे गेलेली कायम कामगारांची संख्या पुढच्या तीन दशकांत निम्म्याच्याही खाली आली. बापाची नोकरी मुलाला मिळेल ही जी खात्री कॉलनीत होती, ती गेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात छत्तीसगडचा आत्महत्या-दर लाखामागे 28.2 आहे, देशाचा 12.4.

हुशार मुलं बाहेर पडली: पुणे, हैदराबाद, बेंगळुरू, अमेरिका. कोचिंग क्लासेसचं गाव म्हणून भिलाईचा लौकिक झाला तो याच पिढीच्या जोरावर, आणि आईबापांनी त्याचे पेढेही वाटले. मागं राहिली ती माणसं साठीला क्वार्टर सोडून वैशालीनगर, स्मृतीनगर, रिसालीकडे घर बांधून गेली. सेक्टरमध्ये असताना शिफ्टच्या भोंग्यावर दिवस चाले आणि शेजार कामातूनच जुळलेला असे. नव्या वसाहतीत फाटकाला कुलूप असतं. बायकांची स्थिती आणखी अवघड. नवरा निदान पेन्शनच्या कागदांसाठी, युनियनच्या जुन्या दोस्तांसाठी बाहेर पडतो. लग्न होऊन आलेली, हिंदी भाजीवाल्याकडून शिकलेली बाई वैधव्यानंतर दिवसच्या दिवस कुणाशी चार वाक्यं बोलत नाही. आणि ज्यांना क्वार्टरही नव्हतं, कंपनीचं मेडिकल कार्डही नव्हतं, त्या ठेका कामगारांचं म्हातारपण खुर्सीपारच्या आणि कॅम्पच्या वस्त्यांत जातं. सेक्टर नऊची पायरी त्यांच्यासाठी नाहीच. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण मिळालं, पण ते दाखल झाल्यावर लागू होतं. उदास म्हाताऱ्याला खाट नको असते. त्याला महिन्यातून एकदा ओपीडी आणि गोळ्या हव्या असतात.

भिलाईबाहेर खेड्यांत गेलं तर गोष्ट याहून कडू आहे. एकटी, म्हातारी, स्वतःशी बोलणारी बाई तिथं 'टोनही', म्हणजे चेटकीण, ठरू शकते. छत्तीसगडला 2005 मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला, आणि रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र यांच्यासारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून समजावत आहेत. मूळच्या छत्तीसगडी आणि आदिवासी वृद्धांना भाषेचं बहुमत आहे, तरी डॉक्टरपर्यंतची त्यांची वाट मराठी आजीपेक्षा सोपी नाही. बैगाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे, आधी जाणं हे तिथं अडाणीपणाचं लक्षण मानू नये; बैगा जवळ असतो, त्यांच्या बोलीत बोलतो आणि वेळ देतो. दवाखान्यात या तीनही गोष्टींची वानवा.

कायदा काय म्हणतो? 2018 च्या 29 मेपासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्यानं धर्म, जात, संस्कृती असा कोणताही भेद न करता सेवा मिळण्याचा हक्क दिला. उपचारांबद्दलची माहिती माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी, हेही त्यात आहे. दुसरीकडे घटनेच्या कलम 350-ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी 1957 पासून आहे. पण त्या व्यवस्थेचं लक्ष शाळा, पाठ्यपुस्तकं, शिक्षक आणि सरकारी कागदपत्रं यांवरच राहिलं. भाषिक अल्पसंख्याक म्हणजे शाळेत जाणारं मूल, असंच जणू गृहीत धरलं गेलं. ते मूल सत्तर वर्षांचं होईल आणि दवाखान्यात जाईल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

परदेशात हा विचार थोडा आधी झाला, तोही ठेच लागल्यावर. ब्रिटनमध्ये ॲलिसन नॉर्मन यांनी 1985 मध्ये परक्या देशात म्हातारं होणाऱ्यांवरच्या पुस्तकाला 'ट्रिपल जेपर्डी' असं नाव दिलं: वय, भेदभाव आणि उपयोगी न पडणाऱ्या सेवा असं तिहेरी संकट. 2013 मध्ये तिथल्या खासदारांच्या सर्वपक्षीय गटानं अहवाल दिला की इंग्लंड-वेल्समध्ये वांशिक अल्पसंख्याकांतले सुमारे 25 हजार लोक स्मृतिभ्रंशानं ग्रस्त आहेत, आणि ते उपचारांना उशिरा येतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं. तिथल्या मराठी आजोबांना सरकारी रुग्णालयात दुभाषा मागता येतो. भिलाईच्या आजोबांना स्वतःच्या देशात तो मागावासाही वाटत नाही, कारण 'हिंदी तो सबको आती है'.

उपाय महागडे नाहीत, आणि त्यातला सर्वांत पटणारा मराठी वाचकाच्या शेजारचाच आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अमित डायस आणि 'संगाथ' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी साठीपुढच्या 181 लोकांवर एक प्रयोग केला; 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. या सर्वांना नैराश्याची सौम्य लक्षणं होती, पूर्ण आजार नव्हता. अर्ध्यांकडे समुपदेशक जात. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. अडचणी एकेक करून सोडवायला मदत, झोपेच्या सवयी, दुखण्याची काळजी, सरकारी योजनेचा फॉर्म भरून देणं, असं त्यांचं काम. वर्षभरानं या गटातल्या 4.4 टक्के लोकांना नैराश्य जडलं होतं, दुसऱ्या गटात 14.4 टक्क्यांना. पेन्शनचा अडलेला अर्ज भरून देणं हा मानसोपचाराचा भाग असू शकतो, हा या प्रयोगातला मोठा धडा. भिलाईच्या कोणत्याही निवृत्त क्लार्कला हे काम आजही झोपेत करता येईल.

माणसं उभी करण्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. भिलाईत प्रत्येक भाषेची समाजमंडळं आहेत. मराठी मंडळी गणपती बसवतात, हळदीकुंकू करतात, नाटकं बसवतात, दिवाळी अंकांची पेटी फिरवतात. कोण आजारी, कोणाचा मुलगा आला नाही, कोणी यंदा आरतीला दिसलं नाही, हे मंडळाला दवाखान्याच्या कितीतरी आधी कळतं. ते कळल्यावर पुढं काही होत नाही एवढाच दोष. मात्र मंडळ म्हणजे सगळे मराठी, अशा भ्रमात राहू नये. विदर्भातून आलेले बौद्ध कामगार, विणकर, कुणबी यांची मोठी वस्ती विहाराशी, भजनी मंडळाशी जोडलेली आहे. मंडळाच्या सभासदयादीत ती क्वचितच सापडते. 14 एप्रिलला विहारात जमणाऱ्या ज्येष्ठांपर्यंत जो पोचणार नाही, तो भिलाईतल्या अर्ध्या मराठी म्हातारपणालाही शिवणार नाही.

राज्याच्या बाजूनंही काही चांगलं घडलं आहे. छत्तीसगडच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना 'निम्हान्स'नं दूरस्थ पद्धतीनं मानसोपचाराचं प्रशिक्षण दिलं, त्यामुळं प्राथमिक केंद्रातला डॉक्टरही नैराश्याची गोळी लिहू शकतो. अशा डॉक्टरसमोर बसताना वृद्धाबरोबर त्याची भाषा जाणणारं एक माणूस असावं, इतकी व्यवस्था मंडळानं आणि रुग्णालयानं मिळून करायला खर्च शून्य आहे. आठवड्यातला एक वार ठरवावा, दोन निवृत्त शिक्षिका पुरतील. तेलुगू आणि बंगाली समाजांनीही हेच करावं. सेक्टर नऊला त्याची अडचण वाटू नये.

आणि ज्यांना आज रात्रीच बोलायचं आहे त्यांच्यासाठी: केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, आणि वीस भाषांमध्ये मराठीही आहे. पेन्शन, कायदा, घरातला छळ, एकटेपणा यांसाठी ज्येष्ठांची 'एल्डरलाइन' 14567 वर सकाळी आठ ते रात्री आठ उपलब्ध असते. मंडळांनी यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेवर देणगीदारांच्या नावांखाली हे दोन आकडे मोठ्या टायपात छापावेत, आणि पत्रिका विहारातही वाटावी.